ट्रायलोबाइटांचे वर्गीकरण आणि वंशनाते : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या भागांतील शिक्षक, भूविज्ञानाचे विद्यार्थी आणि किनाऱ्यावर काही वेगळे दिसले की फोटो पाठवणारे हौशी मित्र यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले असून, एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ट्रायलोबाइट म्हणजे काय? डोके, धड आणि शेपूट असे तीन भाग असतात म्हणून हे नाव पडले का?

ट्रायलोबाइट हे समुद्रात राहणारे आणि आता पूर्णपणे नामशेष झालेले संधिपाद प्राणी होत. खेकडा, कोळंबी, विंचू आणि कीटक ज्या संघात येतात त्याच संघातले ते आहेत. त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ५२.१ कोटी वर्षांपूर्वीच्या कँब्रियन खडकांत मिळतात आणि पर्मियन काळाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, त्यांचा शेवट झाला. एवढ्या काळातील त्यांच्या वीस हजारांहून अधिक जातींचे वर्णन आजवर झाले आहे.

नावातले तीन भाग मात्र डोके, धड आणि शेपूट हे नव्हेत. पाठीवरून लांबीच्या दिशेने दोन खाचा जातात आणि त्यामुळे मधला फुगीर पट्टा व त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन पट्टे असे तीन उभे भाग पडतात. १७७१ मध्ये योहान वाल्ख याने हे नाव दिले ते त्यावरून. आडव्या विभागणीलाही महत्त्व आहेच. पुढे एकसंध शीर्षकवच, मध्ये एकमेकांवर सरकणाऱ्या खंडांचे धड आणि मागे खंड जुळून झालेले पुच्छकवच असते. शीर्षकवचाच्या मध्यभागी असलेल्या उंचवट्याला ग्लॅबेला म्हणतात. हा शब्द पुढे अनेकदा येणार आहे.

२. कोकणात ट्रायलोबाइट सापडतात का? आमच्या सड्यावर शोधायला जावे का?

कोकणात ट्रायलोबाइट सापडत नाहीत. हे उत्तर ऐकून शाळकरी मुले हिरमुसतात, पण त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रत्नागिरी जिल्ह्याचा बहुतेक भाग ज्या काळ्या बेसाल्टवर उभा आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. ट्रायलोबाइट त्याच्या कितीतरी आधी संपले होते. सड्यावरचा जांभा हा मुळातल्या खडकाची झीज आणि रासायनिक बदल होऊन नंतर तयार झाला, त्यामुळे त्यात अशा नाजूक कवचाचा ठसा टिकण्याचा प्रश्नच येत नाही. रत्नागिरीत विहीर खणताना जांभ्याखाली कधी काळी माती, लिग्नाइट आणि झाडांचे अवशेष लागतात, तो थर मायोसीन काळातला, म्हणजे आणखी अलीकडचा.

दक्षिणेकडे सिंधुदुर्गात गेलो की गोष्ट उलटी होते. तेथील नाइस, रेडीच्या परिसरातील लोहखनिजाचे खडक आणि कलादगी गटातील वालुकाश्म हे सगळे ट्रायलोबाइट जन्माला येण्यापूर्वीचे आहेत. म्हणजे आपल्याकडे फार जुने खडक आहेत आणि बरेच नवे आहेत. नेमका मधला, आपल्याला हवा असलेला काळच कोकणच्या खडकांत नोंदला गेलेला नाही.

भारतात ट्रायलोबाइट पाहायचे तर हिमालयात जावे लागते. स्पितीतील पाराहिओ खोरे, झंस्कार आणि काश्मीर येथील कँब्रियन खडक त्यासाठी प्रसिद्ध आहेत. हेन्री हेडन याने स्पितीतून गोळा केलेल्या जीवाश्मांचे वर्णन काउपर रीड याने १९१० मध्ये प्रसिद्ध केले आणि आजही त्या कामाचा आधार घ्यावा लागतो.

३. जेटीच्या दगडांवर पळणारा चपटा किडा आणि माशाच्या तोंडात मिळालेला पांढरा किडा अगदी ट्रायलोबाइटसारखे दिसतात. ते त्यांचे वंशज आहेत का?

नाहीत. जेटीवर भराभर पळतो तो लिजिया आणि माशाची जीभ धरून बसलेला असतो तो परजीवी. दोघेही आयसोपॉड गटातले, म्हणजे कोळंबी आणि खेकड्यांचे नातेवाईक. खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या आणि पाठीवर आठ पट्ट्या असलेल्या कायटनचाही फोटो बऱ्याचदा येतो. तो तर संधिपादही नाही. शंख-शिंपल्यांच्या मृदुकाय संघातला आहे. चपटे, खंडांचे आणि पोटाकडे गुंडाळता येणारे कवच ही उपयुक्त रचना आहे आणि ती वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे तयार झाली आहे.

अशी गल्लत केवळ नवख्यांचीच होते असे समजू नये. १६९८ मध्ये एडवर्ड लुईड याने वेल्समधील एका ट्रायलोबाइटचे चित्र प्रसिद्ध केले ते चपट्या माशाचा सांगाडा म्हणून. ज्याने बाजारात लेप हा चपटा मासा पाहिला आहे, त्याला लुईडची नजर कुठे फसली हे लगेच कळेल : मधला कणा आणि दोन्ही बाजूंना गेलेल्या समांतर रेघा. केवळ दिसण्यावरून नाते जोडण्याचा हा धोका ट्रायलोबाइटांच्या वर्गीकरणाच्या साऱ्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो आणि पुढची बरीच उत्तरे त्याच्याशीच निगडित आहेत.

४. शीर्षकवचावरची सांधरेषा म्हणजे काय? एकाच प्राण्याचे तुकडे वेगळे का सापडतात?

पावसाळा संपल्यावर भरतीच्या रेषेवर वाळलेले खेकड्याचे कवच मिळाले तर ते उचलून नीट पाहावे. अनेकदा ते मेलेल्या खेकड्याचे नसून टाकलेली कात असते. मागच्या बाजूला पाठ आणि पोट यांच्यामध्ये फट पडलेली असते, आत मांसाचा कणही नसतो आणि डोळ्यांच्या दांड्यांवरचे पातळ आवरणसुद्धा जसेच्या तसे शाबूत असते. खेकडा मागच्या बाजूने बाहेर पडतो. बहुतेक ट्रायलोबाइटांत हीच सोय शीर्षकवचावर होती. डोळ्याच्या आतल्या कडेने जाणारी एक रेषा उसवली की बाहेरचे दोन गाल सुटे होत आणि प्राणी पुढून निसटे. म्हणून खडकात सुटे गाल एकीकडे, डोक्याचा मधला तुकडा दुसरीकडे आणि पुच्छकवच तिसरीकडे अशी स्थिती नेहमी आढळते. सापडणारे पुष्कळसे अवशेष ही मृत शरीरे नसून काती आहेत.

ही रेषा मागे कोठे पोहोचते याला वर्गीकरणात महत्त्व आले. ती शीर्षकवचाच्या मागच्या कडेला मिळाली तर गालाचा कोपरा सुट्या गालाबरोबर जातो. कोपऱ्याच्या पुढे बाजूच्या कडेला मिळाली तर तो डोक्यालाच राहतो. आणि कॅलिमेनेसारख्यांत ती नेमकी कोपऱ्यातून जाते.

५. आमच्या जुन्या टिपणांत सांधरेषेवरून तीनच गण (ऑर्डर) दिले आहेत. ते आता चालतील का?

चालणार नाहीत, पण ते का बाद झाले हे शिकवावे असे मला मनापासून वाटते, कारण वर्गीकरण कसे चुकते याचा इतका स्वच्छ धडा दुसरा मिळणार नाही. १८९७ मध्ये चार्ल्स बीचर याने पाठीवर सांधरेषा न दिसणारे, ती मागे जाणारे आणि ती बाजूला जाणारे असे तीन गण केले. कल्पना सुटसुटीत होती. अडचण अशी की पहिल्या गणात अॅग्नॉस्टस, ट्रायन्युक्लियस आणि हार्पेस एकत्र आले, आणि या तिघांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही. त्यांच्यापैकी कोणाची रेषा कडेवर सरकली तर कोणाची मुळात नव्हतीच. बाजूला जाणारी रेषाही फॅकॉपिडांत आहे, कँब्रियनमधल्या काही इओडिस्किडांत आहे आणि नॉर्वूडियासारख्या वेगळ्याच वंशातल्या प्राण्यांतही आहे. एकच लक्षण अनेक वंशांत स्वतंत्रपणे येत असेल, तर त्या एकट्यावर गण उभा करता येत नाही. सांधरेषा आजही पाहिली जाते, पण इतर लक्षणांच्या जोडीने.

६. मग आता वर्गीकरण कोणत्या लक्षणांवर करतात?

ग्लॅबेलाचा आकार आणि तिच्यावरच्या खाचा, डोळ्यांची जागा, धडाच्या खंडांची संख्या, पुच्छकवचाचा आकार, कवचावरचे दाणे व काटे हे सर्व पाहतात. यांपैकी बरीच लक्षणे राहणीनुसार बदलतात, म्हणून जात (स्पीशीज) किंवा प्रजाती (जीनस) ओळखायला ती उत्तम आणि गण ठरवायला अपुरी पडतात. गणांच्या पातळीवर दोन गोष्टींना विशेष वजन आहे : एक हायपोस्टोम, दुसरी वाढीच्या पहिल्या अवस्था. दुसरीचे उत्तर प्रश्न ७ मध्ये आहे.

हायपोस्टोम म्हणजे डोक्याच्या खालच्या अंगाला, तोंडाच्या पुढे असणारी कवचाची पट्टिका. ती तीन तऱ्हांनी बसलेली आढळते. पहिल्या तऱ्हेत ती पुढच्या कडेच्या वळलेल्या भागाला जोडलेली असते आणि तिची पुढची कड बरोबर ग्लॅबेलाच्या पुढच्या कडेखाली येते. ही मूळ स्थिती मानली जाते. दुसऱ्या तऱ्हेत ती कडेपासून सुटी होऊन ग्लॅबेलाखाली केवळ मऊ त्वचेच्या आधाराने राहते. तिसऱ्या तऱ्हेत ती कडेला जोडलेली असते, पण ग्लॅबेलाशी तिचा मेळ राहत नाही. १९९० मध्ये रिचर्ड फोर्टी याने असे मांडले की सुटी पट्टिका एकदाच उत्पन्न झाली आणि ती असलेल्यांचा एक मोठा वंश आहे. त्याला त्याने लिब्रोस्टोमा हे नाव दिले. या वंशातल्या काहींमध्ये प्रौढपणी पट्टिका पुन्हा जोडलेली दिसते, पण त्यांच्या लहानपणी ती सुटी असते, आणि या युक्तिवादाची खरी मदार त्यावरच आहे. विद्यार्थ्यांनी म्हणून नमुना नेहमी उलटा करून पाहावा. खालची बाजू खडकात गाडलेली असते आणि तिकडे दुर्लक्ष करण्याची सवय फार लवकर लागते.

पाय आणि स्पर्शिका यांवरून वर्गीकरण का करत नाहीत, असेही विचारले जाते. हे अवयव खनिजयुक्त नव्हते, त्यामुळे मोजक्याच जातींत ते टिकले. न्यूयॉर्कचा ट्रायआर्थ्रस आणि कॅनडातील बर्जेस शेल या खडकांतील ओलेनॉइडिस ही त्यांतली प्रसिद्ध उदाहरणे.

७. पिल्लांच्या अवस्थांना एवढे महत्त्व का?

ट्रायलोबाइटांची वाढ तीन टप्प्यांत सांगतात. प्रोटॅस्पिस अवस्थेत सगळे कवच एकसंध असते आणि त्याची लांबी साधारणपणे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. मेरॅस्पिस अवस्थेत एकेक खंड सुटा होत धड वाढते. होलॅस्पिस अवस्थेत खंडांची संख्या पूर्ण होते आणि पुढे केवळ आकार वाढत राहतो. योआकिम बाराँद याने बोहेमियातील साओ हिर्सुटा या जातीच्या वीसएक अवस्था क्रमाने मांडून दाखवल्या, तेव्हा उघड झाले की त्याच अवस्थांना आधी अनेक निरनिराळ्या प्रजाती म्हणून नावे दिली गेली होती. कोळंबीचे बीज आणि मोठी कोळंबी शेजारी ठेवली तर अनोळखी माणूस त्यांना एक म्हणणार नाही, तसेच हे.

नात्याच्या दृष्टीने याचा उपयोग असा की प्रौढपणी दूर गेलेल्या वंशांची पिल्ले कधी कधी सारखी असतात. फॅकॉपिडा गणातले कॅलिमेने, फॅकॉप्स आणि कायरुरस प्रौढपणी एका कुटुंबातले वाटत नाहीत. त्यांना एकत्र ठेवण्याचे एक मुख्य कारण त्यांच्या प्रोटॅस्पिसमधील साम्य हे आहे.

पण पिल्लेही फसवू शकतात. असाफिडा गणाची ओळख बराच काळ त्यांच्या गोल, फुगीर, बहुधा पाण्यात तरंगणाऱ्या प्रोटॅस्पिसवर आधारलेली होती. पुढे त्याच फुगीर रूपाकडे वेगवेगळे वंश स्वतंत्रपणे गेले असावेत असे विश्लेषण पुढे आले आणि २०२० मध्ये ट्रायन्युक्लिड असाफिडांतून काढून ट्रायन्युक्लिडा हा स्वतंत्र गण प्रस्तावित झाला.

८. एका पुस्तकात आठ गण आहेत, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात दहाहून अधिक. परीक्षेत कोणते लिहावे?

परीक्षेत आपल्या अभ्यासक्रमातले लिहावेत आणि शक्य असेल तर ते कोणत्या वर्षीच्या मांडणीतले आहेत हेही नोंदवावे. रेडलिकिडा, कॉरिनेक्सोकिडा, लिकिडा, फॅकॉपिडा, प्रोएटिडा आणि असाफिडा ही नावे बहुतेक आधुनिक मांडण्यांत भेटतील. हार्पेटिडा हा गण २००२ मध्ये वेगळा काढला गेला. ओडोंटोप्लुरिडा कोणी लिकिडात घालतात, कोणी स्वतंत्र ठेवतात.

खरी अडचण टायकोपॅरिडा या गणाची आहे. ज्यांचे नाते पक्के सांगता येत नाही अशा कँब्रियनमधील असंख्य, एकसारख्या दिसणाऱ्या प्रजाती त्यात ठेवल्या गेल्या आहेत. अनेक उत्तरकालीन गणांचे पूर्वज याच गर्दीत असणार, हे जवळपास सर्वांना मान्य आहे. पण पूर्वज घेऊन त्याचे काही वंशज बाहेर ठेवले की तो गट वंशवृक्षावरची अखंड फांदी राहत नाही. म्हणून टायकोपॅरिडा हे नाव मी सोयीचे नाव म्हणूनच वापरतो आणि विद्यार्थ्यांनाही तसेच सांगतो.

रेडलिकिडा या नावाशी आपल्या उपखंडाचा संबंध आहे. आता पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगररांगेतील कँब्रियन जीवाश्मांचे वर्णन कार्ल रेडलिख याने १८९९ मध्ये केले. त्याने वापरलेले प्रजातीचे नाव आधीच दुसऱ्या प्राण्याला दिलेले निघाल्यामुळे १९०२ मध्ये त्या प्रजातीला रेडलिकिया हे नाव मिळाले आणि पुढे गणालाही तेच लागले.

९. अॅग्नॉस्टिड हे ट्रायलोबाइट आहेत की नाहीत?

या प्रश्नावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. अॅग्नॉस्टिड काही मिलिमीटरांचे, बिनडोळ्यांचे, धडात केवळ दोन खंड असलेले प्राणी. डोके आणि पुच्छ इतके सारखे की पुढचा भाग कोणता हे ओळखायला सराव लागतो. त्यांचे सर्वाधिक साम्य इओडिस्किडांशी आहे, आणि इओडिस्किडांपैकी अनेकांना डोळे व सांधरेषा दोन्ही आहेत. त्यामुळे आकार लहान होताना डोळे आणि रेषा गमावलेले ट्रायलोबाइट म्हणजे अॅग्नॉस्टिड, असे एक मत आहे.

१९८७ मध्ये क्लाउस म्युलर आणि डीटर वालोसेक यांनी स्वीडनमधील अॅग्नॉस्टस पिसिफॉर्मिसचे पायांसह टिकलेले अतिसूक्ष्म नमुने वर्णिले. ते पाय इतर ट्रायलोबाइटांच्या पायांपेक्षा इतके निराळे होते की हा गट कवचधारींच्या, म्हणजे खेकडे-कोळंबीच्या वर्गाच्या, जवळचा असावा, असे मत पुढे आले. २०१९ मध्ये बर्जेस शेलमधील मऊ अवयव टिकलेल्या अॅग्नॉस्टिडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याने त्यांना पुन्हा ट्रायलोबाइटांच्या शेजारी, सख्ख्या भावकीत, आणून बसवले. मला हा पुरावा वजनदार वाटतो. मात्र शेजारी बसवणे आणि घरात घेणे यात फरक आहे. ट्रायलोबाइट या वर्गाची सीमा कोठे आखायची यावर अंतिम उत्तर अवलंबून राहते.

१०. डोळ्यांवरून नाते ठरते का?

काही प्रमाणात ठरते. बहुतेकांच्या डोळ्यांत लहान लहान भिंगे दाटीने बसलेली असतात आणि त्यांवर एकच पारदर्शक आवरण असते. फॅकॉप्स आणि त्याच्या आप्तांत भिंगे मोठी, संख्येने कमी आणि एकमेकांपासून वेगळी असून प्रत्येकावर स्वतंत्र आवरण असते. साध्या हातभिंगानेही फॅकॉप्सच्या डोळ्यावरच्या त्या गोल दाण्यांच्या ओळी मोजता येतात, आणि एकदा मोजल्या की तो गट पुन्हा चुकत नाही. दाट डोळा असलेल्यांच्या पिल्लांतही भिंगे सुरुवातीला अशीच सुटी दिसतात, म्हणून ते बालरूप प्रौढपणी टिकून हा डोळा झाला असावा.

डोळे नसणे मात्र नात्याचा पुरावा धरू नये. खोल किंवा अंधाऱ्या तळावर राहणाऱ्या अनेक वंशांनी ते निरनिराळ्या वेळी गमावले आहेत.

११. डीएनए मिळत नाही, मग वंशवृक्ष कसा काढतात? आणि मूळ पूर्वज कोण?

प्रत्येक प्रजातीची लक्षणे तक्त्यात भरून, कमीत कमी बदल गृहीत धरणारा किंवा संभाव्यतेच्या दृष्टीने सर्वांत योग्य ठरणारा वृक्ष संगणकाने शोधला जातो. वजन असते ते नव्याने उत्पन्न झालेल्या सामाईक लक्षणांना. सगळ्यांकडे आधीपासून असलेले लक्षण कोणाची जवळीक सांगू शकत नाही. नंतर हा वृक्ष खडकांतील कालक्रमाशी ताडून पाहतात.

मूळ पूर्वजाबद्दल निराशा पदरी येते. ट्रायलोबाइट खडकांत प्रथम दिसतात तेव्हाच त्यांचे निरनिराळे प्रकार निरनिराळ्या प्रदेशांत पसरलेले आहेत. याचा अर्थ त्यांची काही वाटचाल आधी झाली होती, पण तेव्हा कवच खनिजयुक्त नसल्याने ती नोंदली गेली नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अशीच दुसरी फट कँब्रियन आणि त्यानंतरचा ऑर्डोव्हिसियन काळ यांच्यामध्ये आहे : ऑर्डोव्हिसियनमध्ये एकाएकी दिसणाऱ्या कित्येक कुलांचे कँब्रियन पूर्वज ओळखता आलेले नाहीत. त्यांचे धागे जोडायला प्रौढांपेक्षा पिल्लांचाच जास्त उपयोग झाला आहे (प्रश्न ७ पाहा).

१२. आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक कोणता? घोड्याच्या नालेसारखा खेकडा का?

थेट वंशज कोणीही नाही. डेव्होनियनच्या अखेरीनंतर प्रोएटिडा हा एकच गण उरला आणि पर्मियनच्या अखेरीस तोही संपला. सगळ्या ट्रायलोबाइटांना, नाराओइयासारख्या मऊ कवचाच्या काही नामशेष प्राण्यांसह, आर्टिओपोडा या मोठ्या गटात ठेवतात. हा गट विंचू, कोळी आणि नालेच्या आकाराचा खेकडा यांच्या बाजूला जातो की कीटक आणि कोळंबी यांच्या बाजूला, यावर दोन मते आहेत. नालेच्या आकाराच्या खेकड्याच्या पिल्लाला ट्रायलोबाइट अळी म्हणण्याची प्रथा आहे, पण ते नाव दिसण्यावरून पडले आहे. भारतात हे खेकडे ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर मिळतात, कोकणात नाही; त्यामुळे तसा फोटो आला तर तो कोठे काढला हे मी आधी विचारतो.

१३. काश्मीरच्या नमुन्यांत एकाच दगडावर लांबट आणि रुंद असे दोन प्रकार दिसतात. त्या दोन जाती समजाव्यात का?

घाईने समजू नयेत. हिमालय उभा राहताना हे खडक दाबले आणि ताणले गेले आहेत. ओल्या कापडावर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून काढलेली एकसारखी चित्रे तिरकी ओढली तर ज्या दिशेने चित्र काढले असेल त्यानुसार प्रत्येकाचा आकार बदलतो. तसेच, दाबाच्या दिशेला आडवा पडलेला ट्रायलोबाइट आणि तिच्याच रोखाने पडलेला ट्रायलोबाइट एकाच जातीचे असूनही पहिला लांब आणि अरुंद, दुसरा आखूड आणि रुंद होतो. निजेल ह्यूज आणि पीटर जेल यांनी १९९२ मध्ये काश्मीरच्या कँब्रियन ट्रायलोबाइटांवर संगणकाच्या साहाय्याने हा विकार मोजण्याची पद्धत वापरली आणि आधी दिलेली कित्येक नावे एकाच जातीची निघाली. अशा नमुन्यांत लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावर भर देऊ नये. खंडांची संख्या, खाचांची संख्या आणि काट्यांची जागा ही मोजण्याची लक्षणे दाबाने बदलत नाहीत.

१४. प्रदर्शनातून मोरोक्कोचा नमुना विकत घेतला आहे. त्याचा गण ओळखून द्याल का?

देता येईल, पण आधी तो खरा आहे हे पाहावे. साच्यातून काढलेल्या नकली नमुन्यात अनेकदा हवेच्या बुडबुड्यांची सूक्ष्म भोके दिसतात आणि जीवाश्म व भोवतालचा दगड यांचा पोत एकच असतो. दोन प्राण्यांचे भाग जोडून केलेले नमुनेही बाजारात असतात, आणि ते वर्गीकरणाच्या दृष्टीने अधिक घातक, कारण प्रत्येक तुकडा खराच असतो.

फोटो पाठवताना एक वरून, एक बाजूने, एक डोळ्याचा जवळून आणि शक्य असल्यास एक खालच्या अंगाचा घ्यावा. प्रकाश तिरपा, डाव्या वरच्या कोपऱ्याकडून असावा आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. धडाचे खंड स्वतः मोजून आकडा लिहावा. नमुना कोणत्या गावाजवळून आणि कोणत्या थरातून आला हे माहीत असेल तर ते प्रथम कळवावे, कारण त्या एका ओळीने निम्मे गण विचारातून बाहेर पडतात.